पाठीखालचा टेकू

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड आहे. नावात आई आहे, पण बोलताना सगळे मला 'तो' म्हणतात. ते कोडं व्याकरणाच्या शिक्षकांनी सोडवावं. दिसायला मी वीतभराहून किंचित मोठा असा हिरवा चौकोन आहे. संगणकात विचार करतो तो प्रोसेसर, तात्पुरतं लक्षात ठेवते ती रॅम आणि कायमचं जपून ठेवते ती डिस्क. मी यांपैकी कोणीच नाही. हे सगळे ज्याच्यावर बसतात आणि ज्याच्यामार्फत एकमेकांशी बोलतात, ती पाटी म्हणजे मी.

आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपण किती उपयोगी पडलो ते सांगतो. मीही पडलो. पण माझ्या मनावर ओझं आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. तीच आज सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे दिवसाही पांढरे दिवे जळत. माझ्यावर शेकडो बारीक भाग बसवले गेले, मग वितळलेल्या कथिलाच्या लाटेवरून मला अलगद पुढे सरकवलं, आणि माझ्या पाठीवर चकचकीत टाक्यांच्या रांगा उमटल्या. शेवटी एका बाईंनी भिंगातून माझी पाठ तपासली, मान डोलावली आणि मला पिशवीत घातलं. पिशवीतून खोक्यात आणि खोक्यातून दुकानाच्या फळीवर असा माझा प्रवास झाला. तिथून मला नेलं ते थोरलीने.

थोरली म्हणजे दोन बहिणींतली मोठी. एका मोठ्या कार्यालयातले सगळे संगणक ती सांभाळायची. मशीन अडलं की तिथले लोक तिच्या नावाचा धावा करायचे, आणि ती येऊन दोन मिनिटांत ते चालू करून द्यायची. तिचा संसार वेगळा होता. धाकटी बहीण वडिलांजवळ राहायची. तिला घरात सगळे छोटी म्हणत, जरी ती आता तिशीला टेकली होती.

वडील पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि पाणी सोडायचं किंवा बंद करायचं, हे काम त्यांनी अडतीस वर्षं केलं. जमिनीखालचे नळ कुठून कुठे जातात आणि कोणता व्हॉल्व्ह कुठल्या झाकणाखाली आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. खात्यातले जुने नकाशे केव्हाच फाटून गहाळ झाले होते. बाबांनी मात्र स्वतःपुरत्या वह्या ठेवल्या होत्या. त्या पेन्सिलीने लिहिलेल्या, ओल्या बोटांनी पुसटलेल्या आणि त्यांच्याच खाणाखुणांनी भरलेल्या होत्या. ते अक्षर त्यांच्याशिवाय कोणाला लागायचं नाही. आणि त्यांच्या डोळ्यांचे पडदे हळूहळू निकामी होत चालले होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "जे वाचायचं ते वाचून घ्या. लांबणीवर टाकू नका."

म्हणून ठरलं की बाबा वाचतील, छोटी टंकेल आणि थोरली संगणक जोडून देईल.

जेवणाच्या टेबलावर, एका सुट्टीच्या दुपारी, माझी जोडणी झाली. थोरलीचे हात सराईत होते. तिने माझ्यावरची छोटी दांडी उचलली, प्रोसेसरचा सोनेरी कोपरा माझ्या खुणेशी जुळवला आणि जोर न लावता त्याला जागेवर ठेवलं. त्यावर उष्णता ओढून घेणाऱ्या राखाडी लेपाचा दाण्याएवढा ठिपका दिला आणि वर पंखा बसवला. हा पंखा चांगला वजनदार होता. मग रॅमची पट्टी दोन्ही टोकांना दाबली आणि ती टक् टक् करून बसली.

"अशी टक् वाजली पाहिजे," ती छोटीला म्हणाली. "नाही वाजली तर बसली नाही समजायचं."

कॅबिनेट मात्र जुनं होतं. त्यात पूर्वी माझ्याहून मोठा बोर्ड असायचा. मित्रांनो, बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर नुसता ठेवत नाहीत. खाली छोटे पितळी टेकू असतात. बोर्डाला जिथे भोक असेल तिथेच खाली टेकू हवा, म्हणजे स्क्रू त्यात बसतो आणि पाठ पत्र्यापासून अधांतरी राहते. भोक नसेल तिथला टेकू काढून टाकायचा. नाहीतर तो पाठीवरच्या टाक्यांना टेकतो आणि वीज भलत्याच वाटेने जाते.

थोरलीने जुने टेकू काढले, काही हलवले. छोटी टॉर्च धरून उभी होती. ती वाकून म्हणाली, "ताई, तो खालचा टेकू जास्तीचा आहे का गं? त्याच्यावर भोकच येत नाहीये."

थोरली तेव्हा कार्यालयातली गंमत सांगत होती. साहेबांनी 'संगणक मेला' म्हणून आरडाओरडा केला आणि बघते तर पडद्याचीच वायर निघालेली, अशी काहीतरी. ती हसत हसतच म्हणाली, "तू टॉर्च नीट धर. मी असले शंभर जोडलेत."

आणि तो टेकू न काढताच तिने मला वर बसवून स्क्रू आवळले. इतरांहून किंचित बुटका असा तो टेकू माझ्या दोन टाक्यांच्या अगदी जवळ, केसाएवढं अंतर राखून उभा राहिला. मला तो जाणवला. पण मला तोंड कुठे होतं!

चोवीस पायांचा जाड प्लग लागला, प्रोसेसरचा वेगळा प्लग लागला, पुढच्या बटणाच्या मुंगीएवढ्या तारा लागल्या. बटण दाबलं तेव्हा मी पहिल्या झटक्यात उठलो. बाबांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीने जाताना एकच ताकीद दिली, "फायलींची प्रत मी येऊन काढत जाईन. तू त्यात हात घालू नकोस, काहीतरी उडवशील."

मग आमचं काम सुरू झालं. रोज सकाळी न्याहारी झाली की बाबा भिंग घेऊन खुर्चीत बसायचे आणि वाचायचे.

"लिही. बेकरीच्या कोपऱ्यापासून सतरा पावलं, दिव्याच्या खांबाकडे तोंड करून. झाकण गोल. व्हॉल्व्ह उलटा फिरतो, सरळ फिरवशील तर पाय भिजतील."

"पाय भिजतील हे पण लिहू?"

"ते आधी लिही."

छोटी हसायची आणि लिहायची. तिची बोटं कळफलकावर पडली की ती अक्षरं माझ्यातून धावत डिस्ककडे जायची. मला तेव्हा फार बरं वाटायचं. गावाच्या पोटातले नळच जणू माझ्यातून वाहत होते. पाणीखात्यातले अभियंते एकदा घरी आले, पन्नास पानं वाचली आणि म्हणाले, "काका, हे छापून प्रत्येक चावीवाल्याच्या हातात द्यायला हवं." त्या दिवशी छोटीने माझ्या कॅबिनेटवरची धूळ दोनदा पुसली.

वर्ष-दीड वर्षात नव्या वस्त्या लिहून झाल्या. उरला होता जुना भाग. तिथले नळ सगळ्यात गुंतागुंतीचे, म्हणून बाबांनी तो शेवटी ठेवला होता.

त्याच सुमारास मी दगा द्यायला लागलो.

पंख्याचं वजन इतके दिवस मला खाली ओढत होतं. मी कॅबिनेटमध्ये उभा असे. हळूहळू माझा खालचा भाग पत्र्याकडे किंचित झुकला. तापलो की मी थोडा फुगायचो, आणि ते केसाएवढं अंतर संपायचं. माझी पाठ टेकूला टेकायची. पडदा एकदम काळा व्हायचा. छोटीचं वाक्य अर्धं राहायचं.

तिने थोरलीला सांगितलं. थोरली आली. तिने कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवलं, झाकण काढलं आणि मला तासभर चालवलं. आडवा झाल्यावर पंख्याचा ताण गेला. मी अगदी शहाण्या बाळासारखा चाललो.

"काहीसुद्धा झालेलं नाही याला," थोरली म्हणाली. "तू बंद कसा करतेस? थेट बटण दाबतेस ना?"

"नाही गं ताई. तू सांगितलंस तसंच करते."

"मग आपोआप बंद पडतो होय? माझ्यासमोर बरा नाही पडत?"

छोटी माझ्याकडे बघत राहिली. त्या एका तासात मी एकदा जरी बंद पडलो असतो, तरी पुढचं सगळं टळलं असतं. मी तिला खोटं पाडलं.

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी थोरली हात हलवत म्हणाली, "तुझ्या हातालाच काहीतरी आहे बाई." ते ती सहज म्हणाली. पण छोटीने नंतर आपले हात उलटसुलट करून पाहिले, ते मी विसरलेलो नाही.

एके सकाळी बाबा जुन्या भागाच्या तिसऱ्या वहीतलं शेवटचं पान वाचत होते. छोटी लिहिलेलं साठवत होती. नेमक्या त्याच क्षणी माझी पाठ टेकली आणि सगळं विझलं. डिस्क अर्ध्या लिहिण्यात थांबली. पुन्हा चालू केलं तेव्हा ती घरघरली आणि तिने काहीच दाखवलं नाही. प्रत होती, पण मला तपासायच्या त्या तीन फेऱ्यांत थोरलीला नवी प्रत काढायला सवड झाली नव्हती. ती प्रत सात महिन्यांपूर्वीची होती. संपूर्ण जुना भाग गेला.

छोटी रडली नाही. ती बाबांच्या पायाशी बसून एवढंच म्हणाली, "बाबा, माझ्याकडून गेलं."

पुढच्या सुट्टीला थोरली नवी डिस्क घेऊन आली. छोटी स्वयंपाकघरात होती, बाबा पडले होते. थोरलीने या वेळी मला पूर्ण बाहेर काढलं आणि धूळ झटकायला उलटं केलं. माझ्या पाठीवर, दोन टाक्यांच्या मध्ये, काळपट ओरखडा पडला होता. तिने आत पाहिलं. बरोब्बर त्याच्याखाली टेकू उभा होता, ज्याच्यावर भोक येत नव्हतं.

तिला लगेच कळलं. तिने मला खाली ठेवलं आणि तो टेकू फिरवून काढून हातात घेतला. मला वाटलं, आता ती हाक मारणार. तिने मान स्वयंपाकघराकडे वळवलीसुद्धा.

तेवढ्यात छोटी दारात आली. "काय झालं होतं गं ताई?"

थोरलीची मूठ मिटली. टेकू त्या मुठीत होता.

"डिस्क गेली होती," ती म्हणाली. "सारखी मध्येच बंद झाली की जाते."

एवढंच. तेवढंही पूर्ण खोटं नव्हतं. पण छोटीने मान खाली घातली, आणि थोरलीने ती घालू दिली.

त्यानंतर मी एकदाही बंद पडलो नाही. पाहुणे म्हणायचे, "ताईने हात लावला आणि मशीन सुधारलं." ती स्तुती ऐकताना माझा लेप वितळून जावा असं वाटायचं. थोरलीलाही ती ऐकवत नसे. ती विषय बदलायची, छोटीसाठी काही ना काही आणायची. एकदा नवा कळफलक आणला, एकदा खुर्चीची गादी. छोटी "कशाला गं" म्हणायची आणि बाजूला ठेवून द्यायची.

ती माझ्यापाशी बसेना. बाबा म्हणायचे, "छोटे, अजून भिंगातून दिसतंय मला. तिन्ही वह्या पुन्हा वाचतो. बस ये."

"नको बाबा. मी पुन्हा घालवीन. दुसरं कोणीतरी शोधू."

दुसरं कोणी मिळालं नाही. शोधायलाही फारसं कोणी गेलं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. चौथ्या महिन्यात एका सकाळी बाबांनी वही उघडली, भिंग जवळ नेलं, लांब नेलं, वही खिडकीशी धरली. मग मिटून टेबलावर ठेवली. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भिंग मागितलं नाही.

आणि त्याच आठवड्यात जुन्या भागात मोठा नळ फुटला. खात्याचे लोक बाबांना न्यायला आले. सकाळी गेलेले बाबा दुपारी गुडघ्यापर्यंत भिजून परतले. छोटी टॉवेल घेऊन आली. ते खुर्चीत बसून म्हणाले, "मला सापडलं नाही गं. आकडा आठवतो, पण कोपरा कुठला ते आठवत नाही. आता तिथे तीन दुकानं झालीत. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात पाणी शिरलं. अंथरुणं बाहेर आणून टाकली होती त्यांनी."

छोटी टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली. "वहीतलं टंकून ठेवलेलं असतं तर सापडलं असतं ना?" तिने विचारलं.

बाबांनी तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि ते पाय पुसू लागले.

थोरलीला कळलं तशी ती धावत आली. बाबा तिला म्हणाले, "तू हिला एकदा नीट शिकव. बंद कसं करायचं ते. भीती जाईल हिची."

दोघी माझ्यासमोर बसल्या. छोटीने एक कोरी वही आणली होती. तिने वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'संगणक बंद करण्याची योग्य पद्धत'. खाली रेघ ओढली. मग पेन घेऊन थोरलीच्या तोंडाकडे बघत बसली, शाळेतल्या मुलीसारखी.

"सांग ताई. एकेक सांग. मी आता चुकणार नाही."

थोरली उठली. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, माझ्या सगळ्या वायरी सोडवल्या आणि मला बाहेर काढून छोटीच्या मांडीवर उलटं ठेवलं.

"हा ओरखडा बघ."

"कसला आहे?"

"खाली जास्तीचा टेकू होता. मी ठेवलेला. त्यानेच बंद पडायचा. तुझ्या हाताचा काही संबंध नव्हता. तू तेव्हा विचारलं होतंस मला, टॉर्च धरून उभी होतीस तेव्हा. मी ऐकलं नाही."

छोटीने माझ्या ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"तुला कधी कळलं?"

थोरली टेबलावरचे स्क्रू गोळा करू लागली.

"ताई, तुला कधी कळलं?"

"डिस्क बदलली तेव्हा."

"म्हणजे चार महिने." छोटीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चार महिने मी रोज बाबांची माफी मागतेय. तुझ्यासमोर मागितलीय."

"मला लाज वाटली गं. सगळे म्हणतात हिला सगळं येतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले."

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिंत चाचपत ते आत आले आणि खुर्चीत बसले. थोरली त्यांच्याकडे बघू शकत नव्हती.

"टेकूचं काही नाही," बाबा म्हणाले. "माझ्या हातून काय कमी झाकणं उलटी बसली? पण तू त्या दिवशी बोलली असतीस, तर ही लिहायला बसली असती. तेव्हा मला दिसत होतं."

त्यांनी आवाज जरासुद्धा चढवला नव्हता. थोरली टेबलावर डोकं टेकून रडली. छोटी उठून निघून गेली. मी टेबलावर उघडा पडून होतो. मला कोणी परत जोडलं नाही, आणि ते योग्यच होतं.

पुढे तीन दिवस मी तसाच होतो. चौथ्या दिवशी छोटी आली. मागोमाग थोरली होती. दोघींत फारसं बोलणं दिसत नव्हतं. छोटी म्हणाली, "आता मी जोडते. तू फक्त बघ. आणि मी विचारलं की उत्तर दे."

तिने प्रत्येक टेकू बोटाने दाबून पाहिला, भोकांशी ताडून पाहिला. रॅम बसवताना कान जवळ नेला. बटणाच्या तारांपाशी ती दोनदा अडली, दोनदा विचारलं. थोरलीने दोन्ही वेळा शांतपणे सांगितलं. सगळ्याला अडीच तास लागले. थोरलीने ते अर्ध्या तासात केलं असतं. ती मध्ये एकदाही "आण इकडे" म्हणाली नाही.

मग तिघांनी नवी रीत ठरवली. सकाळी थोरली बाबांचा हात धरून जुन्या भागात जायची. आठवणीतला आकडा धरून बाबा पावलं टाकायचे, ती मोजायची आणि खात्याची माणसं तिथे झाकण शोधायची. पहिल्या आठवड्यात काहीच जुळेना. परत आल्यावर बाबा वैतागून म्हणायचे, "रस्ताच लांबलाय मेला." मग एके दिवशी छोटी लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "बाबा, रस्ता नाही लांबला. तुमचं पाऊल आखूड झालंय." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर थोरली स्वतःची पावलं टाकू लागली. बाबांनी तिला तरुणपणची चाल शिकवली, लांब आणि एका लयीत. एकेक झाकण सापडू लागलं. छोटी ते लिहायची आणि रोजच्या रोज स्वतः प्रत काढायची.

जुन्या भागात शेहेचाळीस व्हॉल्व्ह होते. पस्तीस सापडले. नव्या वस्त्यांसकट खात्याने सगळ्याचं पुस्तक छापलं. बाबांना ते वाचता आलं नाही. छोटीने वाचून दाखवलं. 'पाय भिजतील' हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

दोघी बहिणी पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या का, असं तुम्ही विचाराल. अगदी पूर्वीसारख्या नाही. छोटी आता ताईचं बोलणं ऐकते आणि मग स्वतः तपासून बघते. थोरलीला ते लागतं, पण ती तक्रार करत नाही.

आता माझं वय झालं. माझ्या जागी नवा बोर्ड आला आणि मी एका खोक्यात पडून आहे. मित्रांनो, यंत्र जोडताना घाई करू नका. कोणी टॉर्च धरून उभं असेल तर त्याचं ऐका. लांबून त्याला तुमच्यापेक्षा नीट दिसत असतं. आणि आपली चूक आपल्याला कळली, तर ती त्याच दिवशी, त्याच खोलीत सांगून टाका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

अकरा झाकणं अजून रस्त्याखाली आहेत. ती कुठे आहेत हे सांगणारं आता कोणी नाही.